कात्रजचा घाट

“काका, बाणेश्वर तर आहे. एकदम सपाट!”

आमच्या सायकल क्लबच्या ॲडमिननं हे मला एप्रिलमध्ये सांगितलं. मी पुण्यात जन्मलो, पुण्यातच वाढलो. बावन्न वर्षांत साताऱ्याच्या दिशेनं किती वेळा गेलो असेन त्याला गणती नाही. तरीही त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर रस्ता आला नाही, त्या पोराचा चेहरा आला. चेहरा एकोणतीस वर्षांचा, निर्मळ आणि सॉफ्टवेअरमधला होता. पुणे आणि बाणेश्वरचं गाव नसरापूर यांच्यामध्ये एक डोंगर आहे आणि तो डोंगर उतरून मराठी भाषेत कायमचा मुक्कामाला आलाय, हे मला आठवलं ते पहाटे सहा वाजता, त्याच डोंगराच्या पायथ्याशी, शेवटून पहिल्या गियरमध्ये.

पण आधी सायकल कशी आली ते सांगायला हवं. डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघून “चालत जा” एवढंच म्हटलं होतं. चालायला पैसे पडत नाहीत, म्हणून त्यात माझं मन लागेना. बायकोनं तिचं मत आधीच नोंदवून ठेवलं होतं. “कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडीची किल्ली शोधणारा माणूस आहात तुम्ही. आधी कोथिंबीर आणून दाखवा.” मी कोथिंबिरीचा टप्पा गाळून थेट सायकलच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं साठ हजारांची सायकल पुढे केली. दिसायला देखणी, वजनाला इतकी हलकी की एका बोटावर उचलली जाई. मी विचारलं, “स्टँड?”

“येत नाही.”

“कॅरिअर? मडगार्ड?”

“या रेंजमध्ये येत नाही.”

“निदान घंटी?”

“ती वेगळी पडेल.” मग माझा चेहरा पाहून त्यानं दिलासा दिला. “सर, याच्या वरच्या रेंजमध्ये तर पायडलपण येत नाहीत. ज्याचे त्याला आवडतील तसे घ्यायचे असतात.” हे खरं निघालं. महागड्या शर्यतीच्या सायकली खरोखरच पायडलशिवाय विकतात. त्याहून वरच्या रेंजची चौकशी मी केली नाही. तिथं बहुधा नुसतं बिलच देत असावेत.

सायकल घरी आली तेव्हा वडील गॅलरीत पेपर वाचत होते. वडील त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यापर्यंत ते रोज सायकलनं जात. ऊन, पाऊस, संप, काही असो. त्या काळी भोंगा झाला की फाटकातून नुसत्या सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते कौतुकानं नव्हे, नाइलाजानं. सायकलला महापालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडून देई आणि मग माणूस सायकलवरून नाही तर सायकल माणसाबरोबर घरी येई. डबलसीट दिसली तरी तेच. पुण्याच्याच कंपनीची लुना 1972 साली निघाली आणि 1979 मध्ये ती आमच्या दारात आली. त्याच संध्याकाळी वडिलांनी सायकल गवळ्याला देऊन टाकली. लुनाला पायडल होते. पेट्रोल संपलं तर मारता यावेत अशी सोय होती. वडिलांनी ते कधीही मारले नाहीत. एकदा पेट्रोल संपलं तर डेक्कनपासून घरापर्यंत लुना ढकलत आणली. “पायडलच मारायचे तर लुना कशाला घेतली?” हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

तर अशा माणसासमोर मी साठ हजारांची सायकल उभी केली. म्हणजे करायला गेलो. ती उभी राहीना.

“स्टँड कुठाय?”

“याला नसतो बाबा. भिंतीला टेकवायची.”

“आणि बाहेर गेल्यावर? भिंत बरोबर न्यायची का?”

मी काही बोललो नाही. वडिलांनी चष्मा कपाळावर नेऊन सायकल पुढून-मागून पाहिली, घंटी शोधली, नाही सापडली. मग किंमत विचारली. मी चाळीस सांगितली. “चाळीस हजारांत,” ते पेपर उघडत म्हणाले, “सबंध आळी सायकलवर बसली असती. कॅरिअरसकट.”

मला वाटतं, आमच्या पिढीची सगळी गंमत इथंच आहे. आमच्या बापांनी सायकलवरून उतरण्यासाठी पंचवीस-तीस वर्षं घाम गाळला. आम्ही परत तिच्यावर बसण्यासाठी पैसे भरतो, आणि एकट्यानं बसायची लाज वाटते म्हणून क्लब काढतो.

क्लबचा उन्हाळी कार्यक्रम भरगच्च असतो. मंगळवारी आणि गुरुवारी गावातल्या गावात तीस किलोमीटर. शनिवारी खडकवासला, तिथून अंगात खुमखुमी असलेले पुढे डोणज्यावरून सिंहगडाच्या चढाला भिडतात आणि बाकीचे धरणाच्या कडेला कणसं खात त्यांची काळजी करतात. महिन्यातून एका रविवारी दिवसभराची सहल. कधी दिवेघाटानं सासवड, कारण मार्च ते मे पुरंदरच्या अंजिरांचा मीठा बहार असतो. परतीच्या वाटेवर प्रत्येकाच्या पाठीवरच्या खिशात अंजिरं असतात आणि घरी पोचेपर्यंत त्यांचा जॅम झालेला असतो. कधी ताम्हिणीच्या बाजूला, करवंदं येऊ लागली की. या सगळ्यात सपाट असं काहीही नसतं. पुणं बशीत ठेवल्यासारखं शहर आहे, कुठूनही बाहेर पडायचं तर काठ ओलांडावाच लागतो. पण हे क्लबच्या सूचनेत कधीच लिहिलेलं नसतं. तिथं “थोडासा रोलिंग रस्ता” असतं. घाटाला हे लोक रोलिंग म्हणतात.

सहलीच्या दिवशी मी पहाटे साडेचारला उठलो. सायकलची चड्डी हा वेगळा विषय आहे. तिच्यात बैठकीच्या जागी गादी शिवलेली असते. ती चढवली की मनुष्य उभा असताना बसल्यासारखा आणि चालताना लंगोट सुटल्यासारखा दिसतो. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्या एवढ्या पहाटे दुसऱ्यांच्या बागेतली फुलं तोडायला निघतात. आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळख दिली नाही. त्यांचं गुपित त्यांच्याकडे, माझं माझ्याकडे.

स्वारगेटला अकरा जण जमले होते. प्रत्येकाच्या सायकलला पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवा लुकलुकत होता. अंधारात ती रांग कात्रजकडे निघाली तेव्हा मला एकदम शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवलं. 1663 चा एप्रिल, लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटलेली, महाराज सिंहगडाकडे निघून गेलेले, आणि मोगल फौज भलतीकडेच पळतेय, कारण कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून सोडलेले, असं सांगतात. गोष्ट ऐकताना आपण नेहमी महाराजांच्या बाजूनं असतो. बैलांचा विचार मी त्या दिवशी प्रथमच केला. त्यांनाही कोणीतरी “चला, सपाट आहे” असंच सांगितलं असणार.

रांगेनं चालण्याचे नियम असतात. पुढच्यानं खड्डा दिसला की हात खाली करून “खड्डा!” ओरडायचं, मग मागच्यानं त्याच्या मागच्यासाठी ओरडायचं. धनकवडीपर्यंत त्याचं भजन झालं. “खड्डा, खड्डा, खड्डा” अशी अखंड आवर्तनं चालली. शेवटी बँकेतून निवृत्त झालेल्या एका सदस्यानं सुचवलं की त्यापेक्षा रस्ता दिसला की ओरडावं, घसा वाचेल. त्यानंतर बराच वेळ शांतता होती.

दुसरा नियम हवेचा. पुढच्या सायकलच्या अगदी पाठीशी राहिलं की वारा त्याला लागतो आणि आपल्याला जवळपास तीस टक्के कष्ट कमी पडतात. टूर द फ्रान्समध्ये असेच थवे करून जातात. आमच्या क्लबमध्ये या शास्त्राचा सर्वांत मोठा लाभार्थी मी असायला हवा होतो. प्रत्यक्षात लाभस्थान ठरलो. माझ्या आकाराच्या माणसामागे वारा मुळीच येत नाही हे पहिल्याच राइडला सगळ्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून माझ्या मागे कायम चार-पाच जण असतात. आयुष्यात कधी कुणाचं नेतृत्व केलं नव्हतं. सोसायटीत सेक्रेटरीसाठी उभा राहिलो तर दोन मतं पडली, त्यातलं एक माझं. इथं मात्र माझ्यामागे येण्यावरून भांडणं होतात.

पण घाटात वारा नसतो. वेगच नसतो तर वारा कुठून येणार? कात्रजचा जुना घाट सुरू झाला आणि माझे अनुयायी एकेक करून मला ओलांडून गेले. त्यात एक जण नुकताच ब्रेव्हे करून आलेला. ब्रेव्हे म्हणजे 200 किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत, कुणाचीही मदत न घेता. पुढे 300, 400, 600 अशी इयत्ता चढत जाते. प्रत्येक क्लबात असा एक तरी असतोच, आणि त्याच्या तोंडी नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंचं नाव असतंच. दोघा भावांनी 2015 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत संपवली. “डॉक्टर असून!” असं हा नेहमी म्हणतो. “सर, श्वास नाकानं घ्या,” असं मला सांगून तो वळणाआड गेला. नाकानं, तोंडानं, कानानं, जिथून मिळेल तिथून मी घेतच होतो.

एक एसटी मागून आली. माझ्या बरोबरीनं काही काळ चालली, कारण घाटात तिचा आणि माझा वेग जवळपास सारखाच होता. कंडक्टरनं खिडकीतून मान बाहेर काढली. “काका, या आत. सायकल टपावर टाकू!” आवाजात टिंगल नव्हती, शुद्ध करुणा होती. बोगदा आणखी दोन वळणांवर आहे एवढं त्यानंच सांगितलं आणि दोन वळणं झाल्यावर आणखी तीन होती. महाराजांच्या काळापासून या घाटात खरी माहिती कोणी दिलेलीच नाही.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर मात्र जे होतं त्याला तोड नाही, हे कबूल करतो. उतार, कोवळं ऊन, शर्टात शिरणारा गार वारा, खाली शिंदेवाडीकडची शेतं. पायडल न मारता वेग चाळीसवर गेला. मला गाणं म्हणावंसं वाटलं आणि मी तोंड उघडलं. एक चिलट आत गेलं.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर सायकलला टोल नाही हे ॲडमिननं विशेष सवलत मिळवल्यासारखं जाहीर केलं. आणि तिथून थोडं पुढे ब्रेव्हेवाल्याच्याच मागच्या चाकानं फुस्स केलं.

शिवापूरच्या दर्ग्यातला दगड प्रसिद्ध आहे. अकरा जणांनी एकेक बोट लावायचं, कमरअली दरवेशांचं नाव घ्यायचं, की जड धोंडा वर उठतो. आम्हीही बरोबर अकरा होतो. अकरांनीही बोटं लावली. पण टायर रिमवरून उठेना. एकानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला अमेरिकन माणूस पावणेदोन मिनिटांत पंक्चर काढत होता आणि मधे जाहिरात लागत होती. दुसरा हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे पळाला. पंक्चरवाला खाटेवरून न उठता म्हणाला, “सायकलचं बंद केलं. आता कोण चालवतंय सायकल?” आणि समोर उभ्या असलेल्या चड्डीवाल्याकडे पाहून त्याला आपल्या प्रश्नातली चूकही जाणवली नाही.

शेवटी बाई पुढे झाल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, भूगोलाच्या. पूर्ण प्रवासात त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या काढल्या, टायरची कड उचकटून ट्यूब सर्रकन बाहेर ओढली, थोडी हवा भरली आणि ती ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवली, तान्ह्या बाळाचं डोकं गालाला लावतात तशी. एका जागी थांबल्या. “इथे.” पाण्यात बुडवून बुडबुडे बघायला बादली नसली की गालाला बारीक हवा कळते म्हणे. मग पॅच न लावताच त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवायला सुरुवात केली. आम्ही घाई करत होतो. त्यांनी वर्गात बघतात तसं बघून आम्हाला गप्प केलं. अर्ध्या मिनिटानं नखाच्या टोकावर त्यांनी काहीतरी धरलं. पापणीच्या केसाएवढी, तेवढीच बारीक पोलादी तार. ट्रकचे टायर फुटले की त्यांच्यातल्या या तारा हायवेच्या कडेला विखरून पडतात. ती काढली नसती तर नवी ट्यूबही पुढच्या फर्लांगावर बसली असती. बाईंनी ती तार कागदात गुंडाळून ब्रेव्हेवाल्याला दिली. “पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी नाक वर आलं की उघडून बघा.”

नाश्ता हे या सगळ्याचं खरं प्रयोजन. सायकल क्लब म्हणजे मिसळीकडे जाण्याचा सर्वांत दमवणारा मार्ग. अकरा हेल्मेटं टेबलावर, बुटांच्या तळाच्या लोखंडी पट्ट्या फरशीवर टकटक वाजताहेत, अंगात पोपटी-केशरी शर्ट. पाण्याचे ग्लास ठेवणाऱ्या पोऱ्यानं विचारलं, “शूटिंग आहे का?” घड्याळांनी दाखवलं की आतापर्यंत प्रत्येकानं अंदाजे हजार कॅलरी जाळल्या. मग हजार परत भरून काढण्याचं काम सुरू झालं आणि कुणीही हिशेबात कमी पडलं नाही. जास्तीचा पाव, मग त्याला लागणारा जास्तीचा रस्सा, रश्श्याला पुरेना म्हणून पाव. बिल अकरा जणांत विभागलं तेव्हा प्रत्येकी रुपयांवर चाळीस पैसे येत होते. त्या चाळीस पैशांचा मोबाइलवरून रीतसर भरणा झाला. पुणेकर दमला तरी व्यवहाराला चुकत नाही.

बाणेश्वर गर्द झाडीत आहे. नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलेलं देऊळ. उन्हाळ्यात नदीचा धबधबा आटलेला, पण आत शिरलं की अंगावरचा घाम गार पडतो. तिथली घंटा मी मुद्दाम बघायला गेलो. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांना मिळालेली ही पोर्तुगीज घंटा, तिच्यावर 1683 साल कोरलेलं आहे. मी बराच वेळ तिच्याखाली उभा होतो. बाहेर झाडांना टेकवून आमच्या अकरा सायकली होत्या, सगळ्यांची मिळून किंमत आठ-दहा लाखांच्या घरात, आणि घंटी एकीलाही नाही. अप्पांनी किल्ला जिंकला आणि घंटा घरी आणली. आम्हाला दुकानदार ती वेगळी पडेल म्हणाला.

निघायला साडेदहा झाले. मे महिन्यात साडेदहानंतर सायकल चालवणं हा गुन्हा नाही एवढंच. डांबर मऊ झालं होतं. “येताना उतारच आहे,” ॲडमिन म्हणाला. मी भूगोलाच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. ज्या डोंगराला पुण्याकडून चढ आहे त्याला साताऱ्याकडूनही चढ असणार, हे समजायला भूगोल लागत नाही. पण तोपर्यंत आमच्यातली विचारशक्ती मिसळीच्या तर्रीत बुडाली होती.

आईनं पाण्याच्या बाटलीत कैरीचं पन्हं भरून दिलं होतं. बाकीचे संत्र्याच्या वासाची पावडर पाण्यात टाकून पीत होते. मी मनातल्या मनात त्यांची कीव करत माझी बाटली तोंडाला लावली. काही आलं नाही. दाबली. नाही. बाटलीच्या टोकाच्या बारीक भोकात कैरीचा एक धागा जाऊन बसला होता. डोक्यावर बाराचं ऊन, हातात अर्धा लिटर वेलदोड्याचं, केशराचं, गार पन्हं, आणि मध्ये एक धागा. मी झाकण उघडून प्यायला गेलो तर चाक खडीवर गेलं, निम्मं पन्हं चेनवर सांडलं. उरलेल्या घाटात सायकल ढकलत चाललो आणि माझ्यामागे कुणी नाही, फक्त मुंगळे येत असावेत असा मला भास होत होता.

सोसायटीत पोचलो तेव्हा मोबाइलवर 73.6 किलोमीटर झाले होते. हा आकडा घेऊन मनुष्य लिफ्टमध्ये कसा शिरेल? 75 हवेत. मी पार्किंगमध्ये गोल गोल फिरायला लागलो. बाराव्या फेरीला गॅलरीतून वडिलांचा आवाज आला. “काही हरवलंय का रे?”

वर गेलो. गादीच्या चड्डीतच सोफ्याच्या काठावर टेकलो. आईनं गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं आणि माझा चेहरा बघत राहिली. वडील पेपराआडून म्हणाले, “बाणेश्वरला काय विशेष! सहासष्ट साली मी हिला घेऊन गेलो होतो. सायकलवर. डबलसीट. एका दिवसात जाऊन आलो.”

मी गूळ चावायचा थांबलो. कॅरिअरवर माणूस बसवून? तो घाट? “बाबा, चढाला काय केलंत?”

“काय करायचं? ही उतरून चालत होती.”

“मी चालत नव्हते,” आई म्हणाली. “मी सायकल ढकलत होते. चालत हे होते.”

पेपर जरा वर सरकला.

“लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते,” आई माझ्या हातातला रिकामा पेला घेत म्हणाली. “मलासुद्धा सपाट आहे असंच सांगितलं होतं.”